टेहळणी विमान पाडल्याचे युद्धातले दावे खरे की खोटे, हे कसं तपासतात?

तुम्ही विचारलंय की सगळ्याच देशांच्या वैमानिकांच्या नावावर पाडलेली टेहळणी विमानं दाखवतात, पण समोरच्या बाजूच्या हिशोबात तेवढी गेलेली दिसत नाहीत, मग हे लोक थापा मारत होते का. मला हा नाद लागून बरीच वर्षं झाली, स्क्वाड्रनच्या स्कॅन केलेल्या रोजनिशा उघडून बसायचं आणि तारखा जुळवायच्या, त्या अनुभवावरून सांगतो, थापा कमी आणि नजरेची चूक जास्त. आणि खरंखोटं करायचं असेल तर पाडणाऱ्याची वही आधी बाजूला ठेवायची आणि ज्याचं विमान गेलं त्याची उघडायची.

कारण साधं आहे. समोरच्याचं किती नुकसान केलं हे फुगवून सांगितलं तर कौतुक होतं, पण आपलं विमान गेलं हे लपवलं तर बदली विमान कोण देणार? दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाईदलात युनिटकडून क्वार्टरमास्टरकडे (सामान पुरवणारा अधिकारी) नुकसानीचा रिपोर्ट जायचा, त्यात विमानाचा फॅक्टरी नंबर आणि नुकसान टक्क्यांत लिहायचे, साधारण 60 टक्क्यांच्या वर गेलं की विमान बाद. हे कागद पेपरात छापायला नव्हतेच, स्टोअरच्या माणसासाठी होते, म्हणून विश्वासाचे. अमेरिकनांचं 1943 पासून बेपत्ता क्रूबद्दल वेगळा रिपोर्ट भरायचं चालू झालं, ब्रिटिशांची प्रत्येक स्क्वाड्रनची रोजनिशी असतेच. जर्मनांचे शेवटच्या काळातले बरेच कागद गेले, तिथे मात्र हात टेकावे लागतात.

आता टेहळणी विमानाची गंमत अशी की ते बहुतेक वेळा एकटं असतं. बॉम्बरच्या झुंडीवर वीस जण गोळ्या झाडतात आणि एकच विमान चार जणांच्या खात्यावर जातं, तो घोळ इथे कमी (अगदी नाही असं नाही, 28 ऑक्टोबर 1939 ला स्कॉटलंडमध्ये हंबीजवळ एक जर्मन हाइंकेल विमान उतरवलं, त्यावरही ब्रिटिशांच्या 602 आणि 603 अशा दोन स्क्वाड्रननी हक्क सांगितला, पण निदान विमान समोर माळावर पडलेलं होतं). पण एकटं असण्याचा तोटा असा की त्याच्या बाजूचा साक्षीदारच नाही. ते समुद्रावर गेलं, ढगात गेलं, परत आलं नाही, एवढंच कळतं, आणि तीस हजार फुटांवर ऑक्सिजनची नळी निसटली तरी माणूस परत येत नाही.

माझं आवडतं उदाहरण 26 जुलै 1944 चं आहे. म्युनिकजवळ आल्फ्रेड श्रायबर नावाच्या जर्मन वैमानिकाने मेसरश्मिट 262 या जेटमधून एका ब्रिटिश मॉस्किटोवर हल्ला केला, फोटो काढायला आलेलं निःशस्त्र विमान, आणि पाडलं म्हणून दावा दिला. जेटने हवेत मिळवलेला जगातला पहिला विजय म्हणून ही तारीख आजही कित्येक ठिकाणी छापलेली दिसते. आता ब्रिटिश बाजू बघा. मॉस्किटो आडवीतिडवी वळणं घेत राहिली, मागे येणारं जेट दरवेळी वेगामुळे पुढे निघून जायचं, मध्येच खाली धाडधाड आवाज झाले, क्रूला वाटलं आता संपलं, तो आवाज खालच्या बाजूचं बाहेरचं दार निखळून गेल्याचा होता. मग ढग सापडला, त्यात शिरले, आणि दोघंही जण इटलीत फेर्मोच्या धावपट्टीवर जिवंत उतरले. श्रायबर खोटं बोलला का? त्याने गोळ्या झाडल्या, समोरचं विमान खाली ढगात जाताना बघितलं, आणि जे वाटलं ते लिहिलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

याच्या उलट 12 सप्टेंबर 1942, साउदॅम्प्टनवर जवळजवळ 43 हजार फूट. प्रिन्स इमॅन्युएल गॅलिट्झिन हा ब्रिटिश हवाईदलातला वैमानिक वजन कमी केलेल्या स्पिटफायर या लढाऊ विमानात, चिलखत काढलेलं, मशीनगन काढलेल्या, फक्त दोन तोफा ठेवलेल्या. समोर जर्मन युंकर्स 86, उंचावरून टेहळणीलाही वापरलं जाणारं विमान, त्या दिवशी मात्र बॉम्ब घेऊन आलेलं. गॅलिट्झिनची डावी तोफ पहिल्याच फैरीत अडकली आणि मग एकच तोफ झाडली की धक्क्याने स्पिटफायर एका बाजूला फिरायचं आणि विरळ हवेत खाली घसरायचं, समोरचं निसटायचं. पाडलं असं तो म्हणालाच नाही. आणि जर्मन वैमानिक होर्स्ट ग्योट्झ फ्रान्समध्ये काँ इथे उतरला तेव्हा डाव्या पंखात बरोबर एक गोळा लागलेला सापडला, एकच. युद्धानंतर हे दोघं भेटले सुद्धा. दोन्ही बाजूंचं इतकं जुळणं फार क्वचित मिळतं, मी ते वाचून खुर्चीत जरा वेळ नुसताच बसून राहिलो होतो.

बाकी नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुकीची लिस्ट उघडणं, आणि ती मी स्वतः केलेली आहे. जर्मन दाव्यात 'लाइटनिंग', म्हणजे अमेरिकेचं पी-38 हे लढाऊ विमान, लिहिलेलं होतं म्हणून मी दोन आठवडे पी-38 च्या फायटर ग्रुपांचे कागद चाळले, काहीच मिळेना, दावा खोटा म्हणून खोडायच्या बेतात होतो, मग लक्षात आलं की तोफा काढून कॅमेरे बसवलेलं तेच विमान एफ-5 म्हणून फोटो स्क्वाड्रनकडे असतं आणि खालून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच. व्हिएतनामचंही तसंच. न्गुयेन व्हान कॉक या उत्तर व्हिएतनामी वैमानिकाच्या नावावर 9 विजय सांगतात, त्यातली 2 अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी ड्रोन होती. वैमानिकच नाही म्हटल्यावर युद्धकैद्यांत नाव नाही, बेपत्तांत नाव नाही, आणि लोक लगेच म्हणतात बघा दावा खोटा. अरे बाबा, आधी ड्रोनची लिस्ट तरी उघड. वेळेचंही भान ठेवा, जपानी सैन्य न्यू गिनीतसुद्धा टोकियोचं घड्याळ वापरायचं, एका तासाचा फरक तिथेच पडतो.

आणि जिथे पडलं हे दोघांना मान्य तिथेही भांडण संपत नाही. ऑगस्ट 1999 ला कच्छजवळ आपल्या मिग-21 ने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक नावाचं गस्ती विमान पाडलं, पाडलं याबद्दल वाद नाहीच, ते सीमेच्या कुठल्या बाजूला होतं यावर आहे.

आता सगळ्यात गाजलेलं प्रकरण. 31 जुलै 1944 ला फ्रेंच लेखक-वैमानिक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी कॉर्सिकातून एफ-5 घेऊन एकटाच फोटो काढायला गेला, परत आला नाही. नंतर रॉबर्ट हाइखेले या जर्मन वैमानिकाच्या नावाचं एक पत्र फिरलं, त्याने फोक-वुल्फ 190 च्या डी-9 मॉडेलमधून कास्तेलानजवळ लाइटनिंग पाडलं म्हणून. पण डी-9 युनिटांना मिळायला लागलं तेच त्या वर्षीच्या शरद ऋतूत, जुलैमध्ये ते त्याच्याकडे येणार कुठून. 1998 ला एका मच्छीमाराच्या जाळ्यात सेंत-एक्झुपेरीच्या नावाचं ब्रेसलेट आलं, 2000 ला मार्सेयजवळ समुद्रतळाशी अवशेष दिसले, 2003 ला तुकडे वर काढले आणि त्यातल्या एकावर 2734 हा लॉकहीडचा (ते विमान बनवणारी कंपनी) नंबर मिळाला, म्हणजे विमान तेच. मग 2008 ला होर्स्ट रिपर्ट हा म्हातारा जर्मन पुढे आला, मीच पाडलं म्हणाला. जगभर बातम्या झाल्या. पण त्या दिवशीचा त्याचा दावा त्या काळच्या कुठल्याच कागदात मिळत नाही, आणि वर काढलेल्या तुकड्यांवर गोळ्यांची भोकं नाहीत. अर्थात विमानाचा थोडासाच भाग वर आलाय, म्हणजे भोकं नाहीत यावरून गोळी लागलीच नाही असंही म्हणता येत नाही. गंमत म्हणजे आदल्याच दिवशी, 30 जुलैला, त्याच किनाऱ्यावर एक अमेरिकन एफ-5 खरोखर पाडलं गेलं होतं, तेव्हा चौसष्ट वर्षांनी म्हाताऱ्याच्या डोक्यात दिवसांची सरमिसळ झाली असेल असं मला वाटतं, मुद्दाम खोटं बोलला असेल असं नाही वाटत.

माझ्या एक्सेल शीटमध्ये त्या ओळीला 'परतलं नाही' आणि 'अवशेष सापडले' या दोन्हींवर टिक आहे, 'कोणी पाडलं' हा रकाना कोरा. तुमच्या डोक्यात एखादा ठरावीक दावा असेल तर तारीख, ठिकाण आणि विमान कुठलं म्हटलंय एवढं टाका, रविवारी बसून बघतो.