चेतातंतू तुटल्यावर : पुनरुत्पादन, पुनर्जनन की पुनर्वाढ?

प्रश्न असा आहे : 'गोलकृमींमध्ये इजेनंतर मज्जातंतूंच्या पुनरुत्पादनावर होणारा आनुवंशिक प्रभाव' असे एक शीर्षक वाचनात आले. त्यातला 'पुनरुत्पादन' हा शब्द योग्य आहे का? नसेल तर काय लिहावे?

'पुनरुत्पादन' लिहू नये. शब्दाच्या घडणीत खोट नाही, पुन्हा उत्पन्न करणे एवढाच त्याचा अर्थ. पण जीवशास्त्राच्या मजकुरात तो आला की मराठी वाचक पिल्लांचा, अंड्यांचा, म्हणजे प्रजननाचा विचार करतो. या कृमींच्या प्रजननावरही विपुल लिहिले जाते, त्यामुळे घोटाळा नक्की.

'पुनर्जनन' हा रूढ शब्द आहे आणि पालीच्या तुटलेल्या शेपटीला तो चपखल बसतो, कारण तिथे नव्या पेशी खरोखरच जन्माला येतात. गोलकृमीच्या चेतापेशीचे तसे नाही. या अभ्यासात वापरतात तो सी. एलिगन्स हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि पारदर्शक असतो. प्रौढ उभयलिंगी कृमीत चेतापेशी असतात ३०२. एखादी मेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. इजा होते तेव्हा तुटतो तो पेशीचा लांब धागा, म्हणजे अक्षतंतू. पेशी जिवंत राहते आणि तोच धागा पुन्हा वाढवू लागते. २००४ साली अतिसूक्ष्म लेसर स्पंदांनी जिवंत कृमीचा एकेक अक्षतंतू कापून दाखवण्यात आला. कापलेले तंतू पुन्हा वाढले आणि कृमीची बिघडलेली हालचालही बरीच सुधारली. इथे जनन कशाचेच झाले नाही, झाली ती वाढ.

म्हणून माझी पसंती 'पुनर्वाढ' या शब्दाला. संस्कृत उपसर्गापुढे मराठी शब्द कसा, असा आक्षेप कोणी घेईल. पण पुनर्बांधणी आणि पुनर्मांडणी आपण विनातक्रार वापरतो. ओघवत्या लेखनात मी शेतकऱ्यांचा 'फुटवा'सुद्धा आनंदाने वापरेन. छाटलेल्या फांदीला बुंध्याच्या बाजूने फुटवा येतो, तसाच तुटलेल्या तंतूला पेशीच्या बाजूने येतो. पारिभाषिक संज्ञा म्हणून मात्र पुनर्वाढच बरी.

'पुनर्' या उपसर्गाबद्दल एक सावधगिरी हवी, आणि मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. पुनर् म्हटले की आधी जे घडले तेच परत घडते असा समज होतो. २००९ साली डीएलके-१ या जनुकाबाबत जे कळले त्याने हा समज खोडून काढला. हे जनुक निकामी असलेल्या कृमींमध्ये चेतातंतूंची पहिली वाढ बहुतांशी व्यवस्थित होते. पण तोच तंतू कापला तर वाढ जवळपास खुंटते. उलट या जनुकाचे काम वाढवले की कापलेला तंतू अधिक जोमाने वाढतो. म्हणजे इजेनंतरच्या वाढीची यंत्रणा काही अंशी वेगळीच आहे. तेव्हा व्याख्या करताना 'पहिल्या वाढीची पुनरावृत्ती' असे चुकूनही लिहू नये. 'इजेनंतर उरलेल्या भागापासून होणारी वाढ' असे लिहावे.

आणखी एक भेद आपण भाषेत सांभाळला पाहिजे. काही स्पर्शसंवेदी पेशींत वाढणारे टोक तुटून पडलेल्या तुकड्यापर्यंत पोचते आणि त्याच्याशी एकजीव होते. त्यासाठी ईएफएफ-१ हे पेशीपटले जोडणारे प्रथिन लागते. याला पुनर्वाढ म्हणून भागणार नाही. इथे मराठीत 'सांधणे' हे क्रियापद तयार आहे : तंतू वाढला आणि सांधला गेला. एवढे नेमके क्रियापद हाताशी असताना 'संलयन प्रक्रिया घडून आली' कशाला?

आता 'आनुवंशिक प्रभाव'. आनुवंशिक म्हणजे वंशातून आलेले, आईबापांकडून मिळालेले. शीर्षकातला विषय तो नाही. इजा झाल्यावर त्या पेशीत कोणते जनुक काम करते, कोणते अडवते, हा विषय आहे. ईएफए-६ हे जनुक वाढ रोखते. लेट-७ या सूक्ष्म आरएनएचे (इतर जनुकांचे काम आवरणाऱ्या छोट्या रेणूचे) प्रमाण वयाबरोबर वाढते आणि एव्हीएम या चेतापेशीची पुनर्वाढीची क्षमता घटते, असे २०१३ साली दिसले. यातले काहीच वारशाच्या अंगाने सांगितलेले नाही. म्हणून 'जनुकीय' म्हणावे, आणि त्याहून सरळ म्हणजे 'जनुकांचा प्रभाव'.

'मज्जातंतू' चूक नाही, पण त्यातून अनेक तंतूंची जुडी सूचित होते. एका पेशीचा धागा सांगायचा असेल तर अक्षतंतू, आणि सर्वसाधारण वाचकासाठी चेतातंतू.

तुमचे शीर्षक मी असे लिहीन : 'गोलकृमींमध्ये इजेनंतर चेतातंतूंच्या पुनर्वाढीवर जनुकांचा प्रभाव'. लेख कृषिविषयक वाचकांसाठी असेल तर 'गोलकृमी'ऐवजी 'सूत्रकृमी' घ्या, त्यांना तोच शब्द ओळखीचा आहे.