कॅनोपी धुरकट झाली, पंख निखळला

प्रश्न : मुलाने १/७२ प्रमाणातलं विमानाचं किट इन्स्टंट ग्लूने जोडलं. कॅनोपी (वैमानिकाच्या जागेवरचं पारदर्शक झाकण) पांढुरकी झाली, रंगवलेला पंखही निखळला. कोणता गोंद घ्यावा?

उत्तर : किटचे भाग बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. पंखाला टॅमियाच्या एक्स्ट्रा थिनसारखं पातळ प्लॅस्टिक सिमेंट घ्या. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं. म्हणूनच सांध्यावरचा रंग आधी खरवडून काढा, नाहीतर नुसता रंगच रंगाला चिकटतो. भाग जुळवून धरा, ओला ब्रश फटीला फक्त टेकवा. द्रव आपसूक आत ओढला जातो. बोट फटीवर ठेवू नका. द्रव बोटाखाली शिरला की ठसा कायमचा उमटतो. दाबल्यावर मऊ प्लॅस्टिकची बारीक कड वर येईल, ती लगेच पुसू नका. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासा. खिडकी मात्र उघडी हवी, आणि मुलाजवळ मोठं माणूस हवंच.

कॅनोपीला फेविकॉलसारखा पांढरा गोंद टूथपिकने लावा. सुकल्यावर तो दिसत नाही, जास्तीचा ओल्या फडक्याने निघतो. इन्स्टंट ग्लूची वाफ पारदर्शक भागावर बसून पांढरी होते. तो धातूच्या आणि रेझिनच्या भागांसाठी ठेवा. आताचा धुरकटपणा वरवरचा असेल तर प्लॅस्टिक पॉलिशने जाईल.