धूर मारण्याआधी स्लॅबवर चढा

गोव्यात पर्वरीला सोसायटीला लागून इमारत उठतेय, दोन घरांत व्हायवॅक्स (उलटून येणाऱ्या प्रकारचा) मलेरिया निघाला, पंचायतीकडून धूर मारून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घ्या. पण धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळीला काही होत नाही.

शहरी भागात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी गटाराकडे फारसा फिरकत नाही, त्याला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. ते साइटवर ठेकेदारच पुरवतो. स्लॅब टाकला की वर सिमेंटच्या पाळी (छोटे बांध) घालून क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून ओलं ठेवायचं, पाणी ७ ते १४ दिवस उभं ठेवतात. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला ८-१० दिवस पुरतात. रोज वरून पाणी घातल्याने अळ्या जात नाहीत. आठवड्यातून एकदा पाळ फोडून सगळं पाणी उतरवायचं, खराट्याने झाडायचं, मग पुन्हा भरायचं. तेवढ्या वेळात स्लॅबला काही होत नाही, ठेकेदार काहीही म्हणो. ओलं गोणपाट पसरून क्युरिंग केलं तर उत्तमच.

सगळे विसरतात तो लिफ्टचा खड्डा. टॉर्च तिरपा मारून बघा: अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी दिसली तर अ‍ॅनोफिलिस, डोकं खाली करून लोंबत असेल तर दुसरी जात. पंप लावून उपसा; जमत नसेल तर जळकं इंजिन ऑइल टाकतात. वापराच्या पाण्यात ते अजिबात नको, तिथे टेमेफॉस हे अळीनाशक, लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि तेही आरोग्य खात्याच्या माणसाकडूनच. गप्पी मासे विहिरीत चांगले टिकतात, नव्या सिमेंटच्या टाकीत अल्कलीने मरतात.

स्वतःची गच्चीही बघा. टाकीचं झाकण घट्ट असतं, पण ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नसते.

आता माणसं. गोव्यात बाहेरून आलेल्या बांधकाम कामगारांना रक्त तपासून हेल्थ कार्ड काढावं लागतं. ठेकेदाराकडे कार्डं मागा. पण कार्ड म्हणजे त्या दिवशीचं रक्त. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात आणि तपासणीत सापडत नाहीत. रक्तातल्या जंतूंवरचं औषध क्लोरोक्विन ३ दिवसांचं, ताप त्यातच उतरतो. मग यकृतातल्या जंतूंवरच्या प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुटतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, तोच ताप परत येतो. तुमच्या दोन घरांतही हेच होऊ शकतं, गोळ्या मोजून संपवायला लावा. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं मूल यांना प्रायमाक्विन देत नाहीत. जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्याला त्याने तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, म्हणून लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे.