पुढची गोळी कुणाला, हे नेटवर्कवरून कळतं का?

प्रश्न: शिकागोत म्हणे कुणाला कुणासोबत अटक झाली यावरून नेटवर्क काढतात आणि पुढची गोळी कुणाला लागेल ते ओळखतात, हे खरंय का? आणि मग दोस्त तसला निघाला म्हणून साध्या पोरावरही पोलिसांचा डोळा राहणार ना?

उत्तर: अमक्यालाच गोळी लागणार असं कुठलंच नेटवर्क सांगत नाही, धोका कुठे साठलाय तेवढं दिसतं. एकाच केसमध्ये दोघं पकडले गेले की त्यांच्यात एक रेघ, त्यातला एक आणखी कुणासोबत सापडला की दुसरी रेघ, असं करत जाळं तयार होतं. अँड्र्यू पापाख्रिस्टोस या समाजशास्त्रज्ञाच्या टीमने शिकागोचं असं जाळं काढलं तर गोळी लागून वाचलेल्यांपैकी साधारण 70 टक्के लोक अशा जाळ्यांमध्ये निघाले ज्यांत शहराचे 6 टक्के लोकसुद्धा नव्हते. म्हणजे अख्खी वस्ती धोकादायक हे जे सगळे बोलतात ना, ते साफ चूक आहे.

2017 च्या अभ्यासात त्यांनी हे साथीच्या रोगासारखं मोजलं. 2006 ते 2014 मधल्या गोळी लागण्याच्या 11,123 घटनांपैकी 63 टक्के अशा एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेलेल्या निघाल्या, आणि ज्याच्याकडून लागण झाली त्याला गोळी लागल्यावर सरासरी 125 दिवसांनी पुढच्याला लागली. एवढे दिवस हातात असतात हो! तेवढ्यात त्याच वस्तीतला, पोरं ज्याचं ऐकतात असा माणूस जाऊन बदल्याचं खूळ डोक्यातून काढू शकतो, काम मिळवून देऊ शकतो, काही दिवस दुसरीकडे राहायची सोय लावू शकतो, माझ्या मते या सगळ्या आकडेमोडीचा खरा उपयोग हाच आहे.

तुमची भीती मात्र खोटी नाही. शिकागो पोलिसांनी 2013 मध्ये अशा जाळ्यावरून जास्त धोक्यातल्या लोकांची यादी काढून वापरून पाहिली, रँड या संस्थेने ती तपासली तेव्हा यादीतल्यांचा जीव जायचा धोका काही कमी झाला नव्हता, उलट गोळीबाराच्या केसमध्ये त्यांनाच अटक व्हायची शक्यता वाढलेली दिसली. ती यादी पुढे बंद झाली. आणि मुळात हे जाळं अटकेच्या नोंदींवरून काढलेलं, त्यामुळे पोलीस जिथे जास्त धरपकड करतात तिथल्या पोरांच्या रेघा आपोआप जास्त. म्हणून यादी बघायच्या आधी विचारायचं की ती कुणाच्या हातात जाणार, मदत करणाऱ्याच्या की बेड्या घालणाऱ्याच्या.