चौघं मित्र हार्थस्टोन (ऑनलाइन पत्त्यांचा खेळ) खेळतो, पण जास्त पत्ते असलेला एकच सारखा जिंकतो. रँक सोडून गमतीनं खेळायचे काही वेगळे प्रकार आहेत का? आणि पैज काय लावावी?

तुमच्या प्रश्नात सगळं आलंच आहे. दोघं लातूरला, एक परभणीला, एक नोकरीपायी पुण्याला, रविवारी रात्री कॉल लावून खेळता. एकानं पैसे घालून जवळपास सगळे पत्ते जमवलेत, उरलेले तिघं फुकटात. तुम्ही 'वेगळे प्रकार' विचारलेत, पण दुखणं कुठं आहे ते दिसतंय, म्हणून सुरुवात तिथूनच.

फ्रेंडली सामन्यात डेक (खेळायचा तीस पत्त्यांचा संच) निवडायच्या स्क्रीनवर समोरच्याचा डेक उसना मागायची सोय आहे. तुम्ही मागायचा, त्यानं हो म्हणायचं, की त्याचे डेक तुमच्यासमोर येतात. त्यातला एक घेऊन खेळा, सामना संपला की विषय संपला. त्याच्या संग्रहातून काही जात नाही, तुमच्यात काही येत नाही. म्हणजे एकाकडं सगळे पत्ते असणं ही अडचण नाहीच, चौघांची चैन आहे. अडचण फक्त एवढीच की तो गडी हो म्हणत नसणार.

असे गडी प्रत्येक गटात असतात, आमच्याही आहे. 'पैसे मी घातले, पत्ते मी का द्यायचे?' हे त्याचं ठरलेलं वाक्य. कागदी पत्ता उसना दिला तर तो दुमडतो, हरवतो, परत येताना त्याला चहाचा डाग लागलेला असतो, तिथं असं म्हणणं समजू शकतं. इथं पत्ता झिजतच नाही. 'मग पैसे घालून मला काय मिळालं?' असंही तो विचारतो. रँक मिळते ना! अनोळखी माणसाला हरवायला रात्रंदिवस रँकची शिडी उघडी आहे. ज्याच्याकडं तुमच्या पाव पत्तेही नाहीत त्याला दर रविवारी सहाव्या खेळीत आडवं करून काय सिद्ध होतं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. आणि स्वतःचाच डेक समोरच्याच्या हातात देऊन जो जिंकतो, त्याला खेळता येतं असं मी म्हणेन. तुमच्या त्या मित्राला हे उत्तर खुशाल दाखवा.

उसन्या डेकात एक खोट आहे. ज्याचा डेक आहे त्याला त्यातले तीसच्या तीस पत्ते पाठ असतात. हिरो (खेळाडूचं पात्र) दिसला की क्लास (मेज म्हणजे जादूगार, वॉरियर म्हणजे योद्धा, असा प्रकार) कळतो आणि क्लासवरून डेक. म्हणून देणाऱ्यानं एकेका क्लासचे दोन-दोन डेक तयार ठेवायचे, एक झटपट मारणारा, एक डाव लांबवणारा. चार क्लासचे आठ डेक पुरे होतात. मग समोर मेज आला तरी कुठला मेज ते तिसऱ्या-चौथ्या खेळीपर्यंत कळत नाही, आणि तोवर चूक होऊन गेलेली असते.

तो ऐकतच नसेल तर कोअर सेटवर (खेळाच्या मूळ पत्त्यांच्या संचावर) या. २०२१ पासून कोअरचे पत्ते सगळ्यांना फुकट मिळतात, क्लासच्या लेव्हल वाढवत नेल्या की झालं. नवे पत्ते नाहीत, पाकिटं नाहीत, धूळ (पत्ते बनवायचं खेळातलं चलन) जमवणं नाही. फक्त कोअरमधून डेक बांधायचा असं ठरलं की चौघं एका पातळीवर येतात. पण नुसतं एवढंच केलं तर दोन आठवड्यांत सगळ्यांचे डेक सारखे दिसायला लागतात आणि परत कंटाळा. त्यावर उपाय म्हणजे कोअरचा ड्राफ्ट. माझ्या मते सगळ्या प्रकारांत हाच भारी, म्हणून नीट सांगतो.

आधी चिठ्ठ्या टाकून चौघांनी चार वेगवेगळे क्लास घ्यायचे. क्लासचे पत्ते ज्याचे त्याला मोकळे. वाटून घ्यायचे ते फक्त न्यूट्रल (कुठल्याही क्लासला चालणारे पत्ते). व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळीपाळीनं एकेका न्यूट्रल पत्त्याचं नाव टाकायचं. एकदा नाव पडलं की तो पत्ता त्या रात्री बाकी तिघांना बंद. क्रम एक-दोन-तीन-चार, मग उलटा चार-तीन-दोन-एक, नाहीतर पहिला माणूस दर फेरीत मलई खातो. प्रत्येकाच्या आठ निवडी, म्हणजे एकूण बत्तीस. निवडीला अर्धा मिनिट धरलं तर सोळा मिनिटांत काम होतं. निवडलेल्या पत्त्याच्या दोन्ही प्रती तुमच्या. आठ दुणे सोळा न्यूट्रल, वर क्लासचे चौदा, झाला तीसचा डेक.

यात घोळ कुठं होतो ते पाहा. लेजंडरी (सगळ्यात दुर्मिळ, नारिंगी खड्याच्या) पत्त्याची डेकात एकच प्रत चालते. तीन लेजंडरी घेतले तर आठ निवडींतून सोळाऐवजी तेराच पत्ते हाती येतात आणि उरलेले तीन क्लासमधून भरावे लागतात. नवखी माणसं पहिल्या फेरीत चमकणाऱ्या नारिंगी खड्याच्या मागं धावतात. तेवढ्यात हुशार माणूस दोन मॅनाचे (मॅना म्हणजे पत्ता टाकायची किंमत, दर खेळीला एकनं जास्त मिळतो) दणकट मिनियन (लढणारे पत्ते) उचलून मोकळा होतो. चांगले स्वस्त न्यूट्रल मोजकेच असतात, तिसऱ्या फेरीनंतर गाळ उरतो. माझं गणित असं: आठांतल्या तीन निवडी एक-दोन मॅनाच्या, तीन तीन-चारच्या, दोन पाच किंवा वरच्या. सुरुवातीला पहिला खेळणाऱ्याच्या हाती तीनच पत्ते येतात, दुसऱ्याला चार आणि वर नाणं (एकदाच एक जादा मॅना देणारा पत्ता). स्वस्त पत्ते सहाच्या खाली गेले की पहिल्या दोन खेळ्या हात चोळत बसावं लागतं, आणि मागं पडलेला डाव कोअरच्या पत्त्यांनी क्वचितच सावरतो.

दुसरा घोळ ग्रुपवरचा. नेट रडत असलं की दोघांचे मेसेज एकावर एक पडतात आणि 'मी आधी टाकलं होतं' सुरू होतं. आधीच्या माणसाचं नाव स्वतःच्या स्क्रीनवर दिसल्याशिवाय पुढच्यानं टाइपच करायचं नाही, आणि पाळी सोडून टाकलेलं नाव बाद. हा एक नियम कडक ठेवा, बाकी सगळं सैल चालतं. सामने संपले की प्रत्येकानं डेकचा कोड कॉपी करून ग्रुपवर टाकायचा, म्हणजे कुणी ऐनवेळी तिसरंच काही घुसवलंय का ते कळतं. कोड आधी टाकू नका, नाहीतर सगळं उघडं पडतं.

गुण मोजायला मेंढीकोट वापरा, वेगळं काही शोधायची गरज नाही. दोन-दोनची जोडी. तुम्ही दोघं, समोर ते दोघं. तुमचा पहिला त्यांच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, मग अदलाबदल. झाले चार सामने, म्हणजे चार मेंढ्या. एका वेळी दोन सामने चालतात, त्यामुळं रात्र जात नाही. तीन मेंढ्या घेतल्या की जिंकलात, चारही घेतल्या की कोट. दोन-दोन झाल्या तर पत्त्यांत आपण हात मोजतो, इथं जिंकलेल्या सामन्यांत हिरोचं उरलेलं हेल्थ मिळवायचं, ज्याची बेरीज जास्त त्याची बाजी. चिलखत (हेल्थच्या आधी झिजणारं जादा कवच) मात्र धरू नका. वॉरियरवाला शेवटी मुद्दाम डाव रेंगाळत ठेवून चिलखताचे थर चढवत बसतो, समोरचा जांभया देत बसतो.

हुकमाचा प्रकार गमतीचा आहे, पण त्याला थोडी डागडुजी लागते. घरातला खरा पत्त्यांचा जोड घ्यायचा, पिसायचा, कॅमेऱ्यासमोर दोन पानं काढायची, प्रत्येक बाजूला एक. लाल निघालं तर त्या जोडीनं सम मॅनाचेच पत्ते घालून डेक करायचा, काळं निघालं तर विषम. गुलाम निघाला तर डेक उसना. ऐकायला बरोबरीचं वाटतं, पण नाही. हिरो पॉवर (दर खेळीला एकदा दाबता येणारी हिरोची खास ताकद) दोन मॅनाची असते. विषमवाला पहिल्या खेळीत एकचा पत्ता टाकतो, दुसऱ्या खेळीत पॉवर दाबतो, तिसऱ्यात तीनचा, चौथ्यात तीन अधिक एक. एक मॅना वाया नाही. समवाल्याची पहिली खेळी कोरडी, तिसऱ्यात एक मॅना मातीत, पाचव्यात परत एक. म्हणून समवाल्याला एक मॅनाचे चार पत्ते घालायची सूट द्या. सहा दिले की पारडं उलटं फिरतं, चारवर थांबा. सम-विषमची कल्पना २०१८च्या विचवूड सेटमधल्या गेन आणि बाकू या दोन पत्त्यांवरून आलेली आहे. ते तुमच्याकडं नसले तरी चालतं, शब्दावर विश्वास ठेवून खेळायचं.

एखाद्याचा फोन बसला असेल किंवा त्याला खेळायचा मूड नसेल, तर त्याला मागं बसवा. मित्राचा चालू सामना स्पेक्टेट करता येतो, त्याच्या हातातले पत्तेही दिसतात. सेटिंगमध्ये ती परवानगी चालू असली पाहिजे. जोडीदार मागून पाहतो, पण पूर्ण सामन्यात तीनदाच तोंड उघडणार, तेही एकेका शब्दात. 'थांब', 'तोंडावर' (सरळ हिरोला मार), 'साफ' (समोरचे मिनियन उडव) एवढंच. मेंढीकोटात ओळखीच्या माणसांत खुणा चालतात, भिवया उडतात, खोकला येतो, तसलाच हा खेळ. यासाठी जोडीचा कॉल वेगळा हवा. चौघांच्या कॉलवर स्पीकर चालू ठेवून सल्ला दिला तर समोरच्यालाच फायदा. दोन्ही खेळाडू तुमच्या फ्रेंडलिस्टमध्ये असतील तर दोघांचेही हात एकदम पाहता येतात, मग गावच्या कुस्त्यांच्या फडासारखी कॉमेंट्री करा, फक्त खेळणाऱ्यांना ऐकू जाऊ देऊ नका.

बॅटलग्राउंड्सबद्दल फार लिहीत नाही. २०१९ला आलेला हा हार्थस्टोनमधलाच प्रकार आठ जणांचा, आणि त्यात स्वतःचा संग्रह लागतच नाही, जे काही घ्यायचं ते डावातल्या बारमधूनच. २०२४ पासून ड्युओजमध्ये जोडीनं खेळता येतं, हेल्थ दोघांत एक आणि जोडीदाराला पत्ता पाठवता येतो. चौघांच्या दोन जोड्या करा आणि कुठली जोडी जास्त पुढं टिकते ते बघा. उसन्या डेकावरून भांडण मिटत नसेल तर सरळ हेच खेळा. पण मला यात डेक बांधायची मजा येत नाही, हे माझं मत.

पैज. पैसे नकोत. केंद्राच्या २०२५च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झालेत हे एक. पण कायदा बाजूला ठेवला तरी मित्रांत पन्नास रुपये यूपीआयनं मागायला लागलात की तिसऱ्या रविवारी एक जण 'घरी पाहुणे आलेत' म्हणतो. हरलेल्या जोडीनं सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) खाऊ घालायचा. लातूरवाल्यांनी घरी बोलावून, चुरमुरे भिजवण्यापासून सगळं स्वतः करून, वर शेव-लिंबू. पुण्यात सुशीला धड मिळत नाही, तिकडच्यानं पोह्यांवर भागवावं किंवा गावी येईपर्यंत उधारी ठेवावी. उधारी ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवा, मेसेज वर निघून जातो.

बसायच्या आधी काही गोष्टी तपासा, हे खरं तर वरच सांगायला हवं होतं. चौघांचं रीजन (खेळाच्या सर्व्हरचा विभाग) एकच पाहिजे. एक एशियावर आणि दुसरा युरोपवर असेल तर सामना लागणारच नाही, आणि रीजन बदललं की तिथला संग्रह वेगळा, शून्यापासून. तेव्हा बहुमत जिकडं असेल तिकडं बाकीच्यांनी आधीच कोअर उघडून ठेवा. बॅटलटॅग (खेळातलं आपलं ओळखनाव) देताना नावापुढचा आकडाही द्या, नुसत्या नावानं माणूस सापडत नाही. खेळीला साधारण पंचाहत्तर सेकंद मिळतात आणि शेवटी वात जळायला लागते. जुन्या फोनवर ॲनिमेशनच त्यातला बराच वेळ खातं, म्हणून जुना फोनवाला लांब खेळी करायला गेला की अर्ध्यात अडकतो. त्याला झटपट डेक द्या. लाइट जाऊन वायफाय बसलं तर मोबाइल डेटावर येऊन गेम परत उघडला की चालू सामन्यात शिरता येतं. दोन खेळ्यांत आला नाही तर सामना परत, त्याच डेकांनी, मेंढी कुणालाच नाही. बाहेर पडताना समोरच्याचं हेल्थ किती होतं यावर वाद घालू नका, तो निकालात धरायचाच नाही.

कोअर सेट दर वर्षी खेळाच्या नव्या वर्षाच्या सुरुवातीला बदलतो. त्यामुळं ड्राफ्टसाठी कुणी यादी करून ठेवली असेल तर मार्च-एप्रिलनंतर ती जुनी समजा. आणि न्यूट्रल चौघांना आरामात पुरतात, पाचव्यालाही पुरतील, पण त्याहून जास्त जण असाल तर निवडी आठवरून सहावर आणा आणि क्लासचे अठरा घ्या.