नर्सिंग केअर प्लॅन कोणत्या पुस्तकातून उतरवावा, या प्रश्नाचे उत्तर

आपण विचारले आहे की नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात मेडिकल-सर्जिकल पोस्टिंगसाठी केअर प्लॅन (पेशंटच्या देखभालीचा लेखी आराखडा) लिहायचा असेल, तर तो कोणत्या पुस्तकातून घ्यावा आणि एका पेशंटसाठी किती नर्सिंग डायग्नोसिस (नर्सने हाताळायच्या पेशंटच्या अडचणी) पुरेसे होतात. पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट आहे: तो कोणत्याही पुस्तकातून घेऊ नये. असेसमेंटपासून (पेशंटची पाहणी आणि विचारपूस) इव्हॅल्युएशनपर्यंतचे (उद्दिष्ट साधले का ते पाहणे) पाच टप्पे आपल्याला पाठ असणारच, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मला बोलायचे आहे ते फक्त पहिल्या टप्प्याविषयी, कारण विद्यार्थ्यांच्या फायली तपासताना तो बहुतेक वेळा झालेलाच नसतो असे मला दिसते. केस शीटवरचे वैद्यकीय निदान पाहायचे, पुस्तकात त्या आजाराचे पान उघडायचे आणि तिथला तक्ता आपल्या कॉलममध्ये भरायचा, ही पद्धत इतकी रुळली आहे की फाइलवरचे पेशंटचे नाव बदलले तरी आतला एकही शब्द बदलावा लागत नाही.

मी विद्यार्थिनी असताना ऑर्थोपेडिक वॉर्डमध्ये मला एक वयस्कर गृहस्थ पेशंट म्हणून दिले होते. खुब्याचे हाड मोडल्यामुळे त्यांची शस्त्रक्रिया झाली होती, सलाइन बंद झाले होते आणि कॅथेटर काढलेला होता. पुस्तकाप्रमाणे अशा पेशंटचे पहिले डायग्नोसिस तीव्र वेदना, दुसरे हालचालीवरील मर्यादा आणि तिसरे संसर्गाचा धोका. माझ्या बॅचमधल्या फायलींत हेच, याच क्रमाने लिहिलेले होते. मी त्यांना वेदनेविषयी स्वस्थ पडलेले असताना विचारले आणि कूस बदलतानाही विचारले. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर उत्तरे अनुक्रमे २ आणि ४ आली, आणि वेदनाशामक औषध वेळेवर दिले जात होते. मात्र इनटेक-आउटपुट चार्टवर (शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद) आदल्या चोवीस तासांत तोंडाने घेतलेले सगळे द्रव मिळून ७०० मिलिलिटरच्या आसपास होते. लघवी कमी आणि गडद पिवळी होती, जीभ कोरडी पडली होती. (वयस्कर माणसाच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाणी कमी झाल्याचा अंदाज बांधू नये, ती वयाने सैल झालेलीच असते. तोंड उघडायला सांगून जीभ पाहावी.)

चार्ट प्रत्येक पाळीत व्यवस्थित भरला गेला होता, पण तो आकडा इतका कमी का, हे कोणीही पेशंटला विचारले नव्हते. मी विचारले तेव्हा आधी ते म्हणाले की तहानच लागत नाही. मी पाण्याचा ग्लास त्यांच्या हाताशी ठेवून तिथेच बसून राहिले, तेव्हा बऱ्याच वेळाने त्यांनी हळू आवाजात सांगितले की पाणी प्यायले की युरिनल (खाटेवर लघवीसाठी वापरायचे भांडे) मागावे लागते, खाटेभोवतीचा पडदा पूर्ण सरकत नाही आणि सून समोर बसलेली असते. "सिस्टर, सूनबाईंच्या देखत ते जमत नाही, म्हणून मी पाणीच पीत नाही," हे त्यांचे शब्द मी जसेच्या तसे सब्जेक्टिव्ह डेटाच्या, म्हणजे पेशंटने स्वतः सांगितलेल्या माहितीच्या, कॉलममध्ये लिहिले.

मी आधी इन्चार्ज सिस्टरना चार्ट दाखवला आणि त्यांनी तो डॉक्टरांच्या नजरेला आणून दिला. मग पहिले डायग्नोसिस लिहिले ते असे: शरीरातील द्रवाची कमतरता; कारण, लघवीसाठी मदत मागण्याचा संकोच आणि त्यामुळे मुद्दाम कमी पाणी पिणे; पुरावा, चोवीस तासांत ७०० मिलिलिटर सेवन, गडद लघवी, कोरडी जीभ आणि पेशंटचे स्वतःचे म्हणणे. पाण्यावर निर्बंध नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून पुढच्या चोवीस तासांत तोंडाने किमान १५०० मिलिलिटर द्रव हे उद्दिष्ट ठेवले. उपाययोजनेत दिवसा दर दोन तासांनी २०० मिलिलिटर, पाणी शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूला हाताच्या अंतरावर, ठरलेल्या वेळी पेशंटने मागण्याची वाट न पाहता युरिनल देणे, त्या वेळी नातेवाइकांना बाहेर थांबवून वेगळा स्क्रीन लावणे आणि शक्य तिथे पुरुष कर्मचाऱ्याची मदत घेणे, एवढे लिहिले. दुसऱ्या दिवशी बेरीज १३०० भरली. मी "उद्दिष्ट अंशतः साध्य" असे लिहिले, कारण संध्याकाळी भेटीच्या वेळेत त्यांनी ग्लासला हात लावला नव्हता, आणि पुढच्या दिवसासाठी तो वाटा दुपारी हलवला.

या केअर प्लॅनचे माझे गुण कापले गेले. आमच्या ट्यूटरनी सगळ्या गटासमोर सांगितले की फ्रॅक्चरच्या पेशंटमध्ये वेदना पहिल्या क्रमांकावर यायलाच हवी, आणि संकोच हे कारण त्या पानावर कुठेही दिलेले नाही. मी वेदनेचे आकडे आणि चार्ट पुढे केला, पण त्यांनी तो उघडून पाहिला नाही. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी मात्र पाण्याच्या आणि युरिनलच्या त्याच वेळा हँडओव्हरच्या वहीत लिहिल्या आणि तिन्ही पाळ्यांत त्या पाळल्या गेल्या. इतकी वर्षे काम केल्यावरही माझे मत बदललेले नाही: त्या दिवशी क्रम मी बरोबर लावला होता आणि ट्यूटरचे म्हणणे चुकीचे होते.

हे केवळ माझे मत आहे असे समजू नका. नर्सिंगच्या सिद्धांतकार इडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की पेशंटच्या वागण्याचा नर्सने लावलेला अर्थ पेशंटकडूनच पडताळून घ्यावा आणि मगच कृती करावी. नर्सिंग डायग्नोसिसची यादी तयार करण्यासाठी पहिली परिषद भरली ती त्यानंतर, १९७३ मध्ये, आणि त्या कामातून पुढे नॅन्डा ही संस्था उभी राहिली. ती यादी उपयोगाची आहे, मी स्वतः ती वापरते, परंतु खाटेपाशी सापडलेल्या अडचणीला सर्वांना कळेल असे नाव देण्यासाठी. जो विद्यार्थी यादी आधी उघडतो, त्याला पेशंटमध्ये फक्त यादीतल्याच अडचणी दिसतात.

कारणाच्या जागी वैद्यकीय निदान लिहू नका, ही सूचना आपल्यालाही मिळाली असेल. तिचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. मोडलेले हाड नर्स जोडू शकत नाही, त्यामुळे "फ्रॅक्चरमुळे" असे लिहिले की त्यापुढे नर्सने करायचे असे काहीच सुचत नाही आणि मग पुस्तकातली वाक्ये उतरवावी लागतात. संकोच, भीती, चुकीची समजूत, खाटेची उंची, हाताच्या अंतरावर नसलेली घंटा, यांवर नर्स काम करू शकते. कारण नेमके लिहिले की उपाययोजना आपोआप नेमकी होते. "भरपूर पाणी पिण्यास प्रोत्साहन द्यावे" या वाक्यावर रात्रपाळीची नर्स काय करणार? किती, केव्हा आणि कोणी, हे लिहिलेले असेल तरच ती ते करू शकते. धोक्याच्या डायग्नोसिसमध्ये पुराव्याचा भाग येत नाही, कारण ती गोष्ट अजून घडलेली नसते. तिथे फक्त जोखमीचे घटक लिहावेत.

इव्हॅल्युएशनमध्ये प्रत्येक ओळीपुढे "उद्दिष्ट साध्य" असे लिहिलेली फाइल माझ्याकडे आली, तर मी ती परत करते. एका पाळीत सगळी उद्दिष्टे पूर्ण होणारा पेशंट रुग्णालयात कशाला थांबेल?

आता काही गोष्टी ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या. वेदना नेहमी मागे ढकलावी असा माझ्या म्हणण्याचा अर्थ काढू नका. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवशी ती बहुधा वरच असेल. श्वास आणि रक्ताभिसरण यांची अडचण असेल तर तीच सर्वांत आधी, आणि तिथे प्लॅन लिहीत बसू नये, आधी सिस्टरना बोलवावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटचे पाणी मोजून दिले जाते, त्यामुळे माझा १५०० चा आकडा कोणाच्याही फाइलमध्ये तसाच नेऊ नये. रॅशनेलच्या, म्हणजे प्रत्येक उपायामागचे शास्त्रीय कारण लिहिण्याच्या, कॉलमसाठी पुस्तक जरूर उघडा. शरीरात काय घडते ते तिथूनच शिकायचे असते.

संख्येविषयी: नीट तपासलेल्या एका पेशंटसाठी दोन किंवा तीन डायग्नोसिस मला पुरेशी वाटतात. तुमच्या कॉलेजच्या नमुन्यात पाच मागितली असतील तर पाच लिहा, त्यावर परीक्षेत वाद घालू नका. पण क्रम स्वतःच्या असेसमेंटवरून लावा आणि तोंडी परीक्षेला जाताना त्या क्रमाला आधार देणारा चार्टवरचा आकडा किंवा पेशंटचे वाक्य प्रत्येक डायग्नोसिससाठी तयार ठेवा.