तुझा वाटा, तिचा वाटा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. एकाच पानात स्टोइक (मनाच्या संयमावर भर देणारे प्राचीन ग्रीक-रोमन) विचारवंत, लेकीवर कधीच न ओरडण्याचा संकल्प आणि सोमवारपासून घरातली साखर बंद! तिन्ही बेत चांगले आहेत, पण एकदम हाती घेतलेस तर पंधरा दिवसांत ये रे माझ्या मागल्या होईल. त्यापेक्षा या तिन्हींत जे एक सूत्र आहे तेवढं आधी धर. ते सूत्र म्हणजे वाटणी. कुठलं काम बापाचं आणि कुठलं दोन वर्षांच्या मुलीचं, हे एकदा लख्ख झालं की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

एपिक्टेटस वाचतोयस म्हणून त्याच्यापासूनच निघू. गुलामीतून सुटलेला हा माणूस. त्याने स्वतः काही लिहून ठेवलं नाही, जे आहे ते एरियन या शिष्याने टिपलेलं. शिकवणीचा पाया एवढाच, की काही गोष्टी आपल्या हाती असतात, काही नसतात, आणि दुःख बहुतेक या दोन खात्यांची सरमिसळ केल्यामुळे होतं. वाचताना प्रत्येकाला पटतं. संध्याकाळी साडेसातला मुलीने ताट ढकललं की तेच वाक्य आठवत नाही, कारण ते ताटावर लावून पाहिलेलं नसतं. रोममधल्या सेनेका या स्टोइक विचारवंताचंच बघ. नंतर रोमचा सम्राट झालेला नीरो अकरा-बारा वर्षांचा असताना त्याच्या शिक्षणासाठी सेनेकाला हद्दपारीतून परत बोलावलं गेलं, आणि पुढे इ. स. ६५ मध्ये त्याच नीरोने त्याला जीव द्यायला लावला. शिकवणं त्याच्या हाती होतं, विद्यार्थी काय निघेल हे नव्हतं. अठराव्या शतकातला विचारवंत रूसो याची गोष्ट उलट आहे. १७६२ मध्ये मुलांच्या शिक्षणावर युरोपभर गाजलेला ग्रंथ लिहिणाऱ्या या गृहस्थाने स्वतःची पाचही मुलं अनाथालयात सोडली होती. वाच जरूर, पण कुणाच्या पुस्तकावरून त्याचं घर गृहीत धरू नकोस.

आता ताट. इथे वाटणी सर्वांत स्वच्छ दिसते. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी ती फार सोप्या शब्दांत मांडली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. पहिल्या तीनांत मुलाने ढवळाढवळ केली की घराचं उपाहारगृह होतं, आणि शेवटच्या दोनांत आपण केली की जेवण म्हणजे कुस्ती.

तुझा वाटा असा. दिवसात तीन जेवणं आणि मध्ये दोन छोटी खाणी, दोहोंत अडीच ते तीन तासांचं अंतर. मधल्या वेळात फक्त पाणी. हा नियम कडक वाटतो, पण ‘एकच बिस्किट’, ‘थोडंसं दूध’ यांनीच भूक मरते आणि मग दोष भाजीला जातो. जागा ठरलेली, पाय टेकतील अशी. लोंबकळते पाय म्हणजे चुळबुळ. वेळ वीस ते पंचवीस मिनिटं. समोर मोबाइल-टीव्ही नको, तुझ्याही हातात मोबाइल नको. ताटात एक पदार्थ हमखास ओळखीचा, जो ती खातेच, आणि नवा पदार्थ बोटभर. सुरुवातीला बाकीचा प्रत्येक पदार्थ वयाच्या वर्षामागे एक मोठा चमचा, म्हणजे तुझ्या लेकीला दोन. हवं असेल तर ती मागेल. मोठा ढीग पाहूनच मुलं माघार घेतात.

यानंतर तुझं काम संपतं आणि अवघड भाग सुरू होतो, तो गप्प बसण्याचा. समज ताटात भात, डाळ आणि फरसबीचे चार तुकडे आहेत. तिने एक तुकडा उचलला, दोन बोटांत दाबला, आतला दाणा बाहेर आला, तो चाटला, थुंकला आणि उरलेलं ताटाबाहेर ठेवलं. तुझ्या दृष्टीने भाजी वाया गेली. प्रत्यक्षात पाहणं, हात लावणं, वास घेणं, चाटणं, थुंकणं या खाण्याच्याच पायऱ्या आहेत आणि त्यातल्या चार ती चढली. नवी चव स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळेला ‘हिला आवडत नाही’ असा शिक्का मारतात, आणि तो शिक्का ती ऐकत असते. त्या क्षणी ‘अगं, एक घास तरी’ नको, ‘शाब्बास, खाल्लं बघा’ हेही नको. कौतुकसुद्धा दबावच असतो. तू स्वतः फरसबी खा आणि दुसऱ्या कशावर तरी बोल.

‘भाजी संपव, मग गोड’ हे वाक्य तर कायमचं बंद. त्यातून मुलाला नेमकं एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस. गोड करायचंच असेल त्या दिवशी छोटा तुकडा जेवणाबरोबरच वाढ. तिने तो आधी खाल्ला तर खाऊ दे.

तू लिहितोस की पूर्वी ती सगळं खायची आणि आता चिमणीएवढं खाते. यात बिघडलेलं काही नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या जवळजवळ तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र अडीच किलोंच्या आसपासच वाढतं. वाढ मंदावली की भूक मंदावते. त्यातच दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नाची भीती सर्वाधिक असते. नेमक्या याच काळात घाबरून घरं चमचा घेऊन मुलामागे धावायला लागतात. एका जेवणाचा हिशेब करू नकोस, आठवड्याचा कर.

साखरेबद्दल तुझा उत्साह ठीक, फक्त मोहीम नको. दोन वर्षांखाली वरून घातलेली साखर नसावी आणि त्यानंतर दिवसाला २५ ग्रॅमच्या खाली, म्हणजे सहा छोटे चमचे, असं धरून चाल. फळांचा रस म्हणजे फळ नव्हे; या वयात दिवसाला १२० मिलिलिटरच्या वर नको, अजिबात दिला नाही तरी बिघडत नाही. मीठही बघ, एक ते तीन वर्षांत दिवसाला २ ग्रॅम पुरे, आणि त्यातलं बरंचसं पाकिटातल्या खाण्यातून गुपचूप येतं. बंदीचा डंका न पिटता वस्तू घरात आणूच नकोस. कपाटात ठेवून ‘नाही’ म्हणणं हा रोजचा झगडा विकत घेणं आहे.

साखरेइतकीच, किंबहुना जास्त, काळजी लोहाची कर. या वयात रोज साधारण ७ ते ८ मिलिग्रॅम लागतं. कडधान्यं, पालेभाज्या यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, पण त्याच जेवणात लिंबू, टोमॅटो किंवा पेरू असला की शोषण वाढतं. चहा मात्र ते अडवतो. अंडं-मांस अजिबात नसेल तर ब१२ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचार.

गळ्यात अडकणाऱ्या गोष्टींवर मात्र वाद घालत बसू नकोस, हा पूर्ण तुझा वाटा आहे. द्राक्ष अख्खं नाही, आडवं दोन भागही नाही; उभे चार. गोल, मऊ, निसरडं फळ श्वासनळीवर बुचासारखं बसतं. कच्चं गाजर किसून किंवा शिजवून. अख्खे शेंगदाणे, बदाम पाच वर्षांपर्यंत नकोत, कूट किंवा पातळ लेप चालतो. पळता-पळता खाणं नाही.

रागाकडे वळू. शांतपणे वाढवणं आणि सगळं चालवून घेणं, यात तुझी गल्लत होतेय असं पत्रावरून वाटलं. डायना बॉमरिंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात पालकांच्या तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या, त्यात हुकूमशाही एका टोकाला आणि मोकाट सोडणं दुसऱ्या टोकाला. चांगलं निघालं ते तिसरंच: माया भरपूर आणि मर्यादाही ठाम. मर्यादा घालणं तुझा वाटा, त्यावर रडणं तिचा. ती हसतमुखाने ऐकेल ही अपेक्षा ठेवलीस की तू तिच्या वाट्यात शिरलास.

आपल्या भाषेतला एक बारीक सापळा सांगतो, ‘का’. ‘आता घरी जायचं का?’ असं आपण प्रेमाने विचारतो. ती ‘नाही’ म्हणते, कारण तू विचारलंस. मग तू चिडतोस. जिथे पर्याय नाही तिथे प्रश्न नको. ‘आता घरी जायचंय. चालत येतेस की कडेवर?’ निवड द्यायची ती अशी, दोन्ही उत्तरं तुला चालणारी. आणि आधी पाच मिनिटं सूचना, तीही तिला दिसेल अशी: ‘अजून तीन वेळा घसरगुंडी, मग बूट.’ दोन वर्षांच्या मुलीला पाच मिनिटं कळत नाहीत, तीन घसरगुंड्या कळतात.

तिने मारलं तर गुडघ्यावर बस, हात धर, घट्ट नाही पण सुटणार नाही इतपत, आणि म्हण, ‘मारू देणार नाही.’ बस्स. कारणमीमांसा रडं थांबल्यावर, दोन वाक्यांत. भोकाड पसरलेलं असताना तिच्यापर्यंत शब्द पोचत नाहीत. तिथे तुझं जवळ असणं आणि संथ आवाज एवढंच पोचतं. ‘तुला राग आलाय हे मला समजतंय’ हे वाक्य हल्ली फार लोकप्रिय आहे, पण ते मंत्रासारखं पाठ म्हटलं की मुलांना खोटं वाटतं. नुसतं ‘हो, अजून खेळायचं होतं’ पुरतं.

आणि तुझा स्वतःचा राग? सेनेकाने त्यावर सांगितलेलं सर्वांत मोठं औषध म्हणजे उशीर करणं. घरात त्याचा प्रयोग असा: आवाज चढायला लागला की आधी श्वास सोड, घेतल्यापेक्षा लांब, असं तीनदा, ती सुरक्षित असेल तर दोन पावलं मागे जा, मग बोल. पण हे ऐनवेळचं. खरं काम आधीचं असतं. आठवडाभर प्रत्येक भडक्याची नोंद कर: किती वाजले होते, तू शेवटचं कधी खाल्लं होतंस, रात्री किती झोपला होतास, ती किती. दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते. नोंदी पाहिल्यास की बहुतेक भडके सकाळी निघतानाचे किंवा संध्याकाळच्या जेवणाआधीचे निघतील. तसं झालं तर रात्रीचं जेवण अर्धा तास अलीकडे आण आणि सकाळी वीस मिनिटं आधी ऊठ. यात तत्त्वज्ञान कमी आणि घड्याळ जास्त आहे, पण चालतं.

तरीही एखाद्या दिवशी ओरडशील. मग तासाभरात तिच्याजवळ जा. ‘मी मोठ्याने ओरडलो. चुकलं माझं.’ पुढे ‘पण’ नको. ‘पण तूच सांडलंस’ म्हटलं की माफी परत घेतलीस. सेनेका रोज रात्री दिवा मालवल्यावर दिवसभराचा झाडा घ्यायचा, आणि बायकोला सवय ठाऊक असल्याने ती गप्प राहायची. तुलाही पाच मिनिटं पुरतील. एकच प्रश्न विचार: आज मी कुठे तिच्या वाट्यात हात घातला?

घरातल्या बाकीच्यांना ही वाटणी आधीच सांगून ठेव, नाहीतर तू दोन खाण्यांतलं अंतर पाळणार आणि दुसरं कुणी मागच्या दाराने भरवणार. आणि काही गोष्टी थांबून पाहण्याच्या नाहीत: वाढीच्या तक्त्यावरची वजनाची रेषा खाली घसरत असेल, जवळजवळ प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, एकूण पदार्थ दहा-पंधराच्या वर जात नसतील, किंवा ती माती, खडू खात असेल, तर सरळ बालरोगतज्ज्ञ गाठ. माती खाणं पुष्कळदा लोह कमी असल्याची खूण असते.

एक गोष्ट तू पत्रात ओझरती लिहिलीस, ‘दूध मात्र भरपूर पिते.’ मला तिथेच शंका येते. दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर दूध गेलं की पोट भरलेलं राहतं, दुधात लोह जवळपास नाही, आणि लोह कमी झालं की भूक आणखी मरते. मग ती जेवत नाही म्हणून आपण अजून दूध देतो. तेव्हा बाकी सगळं राहू दे. उद्यापासून तीन दिवस बाटली बाजूला ठेवून दूध कपाने मोजून दे, रात्रीचं धरून, आणि आकडा मला कळव.